कागदाचा काळा, पडद्याचा पांढरा

फोटो लॅबच्या काउंटरवर एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते: “स्क्रीनवर इतका छान दिसत होता, प्रिंट काळी कशी आली?” काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, तुमचा मॉनिटर खराब. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं मशीन खराब. तपासायला गेलं तर बहुतेक वेळा फाइल ठीक असते, मशीन ठीक असतं, मॉनिटरही ठणठणीत असतो. मॉनिटर स्वतः उजेड देतो. प्रिंट तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत करते. दोघांना शेजारी ठेवून ‘जास्त उजळ कोण’ असं विचारलं की प्रश्नातच गोंधळ शिरतो. तो सोडवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ, प्रकाशशास्त्रज्ञ, डोळ्याचे अभ्यासक आणि छापखान्यातले कारागीर सव्वाशेहून अधिक वर्षं झटत आले आहेत. त्यांनी उभ्या केलेल्या या ज्ञानशाखेत वाचकाचं स्वागत करावं, यासाठी ही प्रस्तावना.

फोटोग्राफी शिकणारा विद्यार्थी, दिवाळी अंकाचं कव्हर छापून घेणारा संपादक, जुने अल्बम स्कॅन करणारा ग्रंथपाल, भौतिकशास्त्राचा शिक्षक, अशा प्रत्येकाला आपल्या कामाचं काहीतरी इथे सापडेल. गणित फारसं लागत नाही. शाळेत शिकलेला लॉगॅरिदम आठवत असेल तर उत्तम, आणि नसेल तरी पुढचे दोन परिच्छेद वाचून काम भागेल.

सुरुवात विडनेसपासून करावी लागते. इंग्लंडमधल्या या गावात अल्कलीच्या कारखान्यात फर्डिनंड हर्टर हा मूळचा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंग्रज इंजिनिअर नोकरीला होते. फोटोग्राफी हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. काचेच्या प्लेटवर किती उजेड पडला की ती किती काळी होते, याचा हिशेब तोवर अंदाजपंचे चालत असे. या दोघांनी एक मीटर अंतरावर ठेवलेली प्रमाण मेणबत्ती आणि घड्याळातले सेकंद यांच्या मापात उजेड मोजला, काळेपणाला आकडा दिला आणि 1890 मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. तो आकडा म्हणजे घनता. उजेड आणि घनता यांचा त्यांनी काढलेला आलेख आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

घनता समजायला सोपी आहे. कागदावरचा ठिपका पडलेल्या उजेडाचा दहावा भाग परत देत असेल तर त्याची घनता 1, शंभरावा देत असेल तर 2, हजारावा देत असेल तर 3. घनता 0.3 नं वाढली की परतणारा उजेड निम्मा होतो, म्हणजे फोटोग्राफरच्या भाषेत एक स्टॉप. चांगल्या ग्लॉसी ब्रोमाइड प्रिंटचा गडद काळा साधारण 2.1 पर्यंत जातो आणि कोऱ्या कागदाची घनता 0.05 च्या आसपास असते. फरक 2.05. म्हणजे त्या प्रिंटमधला सर्वांत उजळ भाग सर्वांत गडद भागाच्या सुमारे 112 पट उजेड देतो, पावणेसात स्टॉप. मॅट कागदाचा काळा 1.6 च्या जवळपास अडकतो आणि पल्ला 35 पटींवर येतो, पाच स्टॉप. दुसरीकडे मॉनिटरच्या खोक्यावर 1000:1 छापलेलं असतं, काही पॅनलवर 3000:1, आणि ओएलईडीचा काळा पिक्सेल सरळ बंदच होत असल्यामुळे तिथे आकडा लाखांत जातो. खोक्यावरचे आकडे वाचून कागद दहापट मागे पडला असं म्हणायचा मोह होतो. त्या मोहाला बळी न पडण्यासाठीच हा सगळा अभ्यास आहे.

आधी कागदाचा काळा 2.1 ला का थांबतो ते पाहू. जास्त चांदी, जास्त शाई, जास्त वेळ डेव्हलपरमध्ये, काहीही केलं तरी तो फारसा पुढे सरकत नाही. कारण पृष्ठभागात आहे. हवेतून जिलेटिनमध्ये शिरताना उजेडाचा सुमारे चार टक्के भाग वरच्यावरच परत फिरतो. आतल्या काळ्याशी त्याची गाठही पडत नाही. ग्लॉसी कागदावर हे चार टक्के एकाच दिशेला, आरशासारखे जातात, आणि आपण प्रिंट थोडी तिरकी धरून त्यांना डोळ्यांपासून दूर ठेवतो. मॅट कागदावर तेच टक्के चहूकडे विखुरतात, प्रिंट कशीही धरली तरी त्यांतले थोडे डोळ्यांत येतातच, आणि काळ्यावर राखाडीचा पातळ पापुद्रा चढतो.

डार्करूममध्ये काम केलेल्यांना हे सूत्रावाचून ठाऊक असतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद असो की परदेशी, हायपोतून काढून धुतलेली मॅट प्रिंट ओली असतानाच पांढऱ्या दिव्याखाली धरावी. पाण्याचा पातळ थर कागदाचा खडबडीतपणा भरून काढतो, विखुरणारा उजेड एका दिशेला वळतो आणि काळा अचानक खोल होतो. केसांच्या सावलीत, कोटाच्या घडीत जे दिसत नव्हतं ते दिसू लागतं. प्रिंट दोरीवर वाळत घातली की तासाभरात ती खोली निघून जाते. शिवाय फायबर कागदावरच्या अगदी फिक्या छटा, गालावरचा उजेड किंवा ढगाची कड, वाळल्यावर किंचित गडद होतात. म्हणून मुरलेले प्रिंटर टेस्ट स्ट्रिप पूर्ण वाळवून मगच एक्स्पोजरची वेळ पक्की करत. ओल्या प्रिंटवर खूश होऊन वेळ ठरवणारा माणूस डार्करूममध्ये नवखा समजला जाई.

आता प्रश्न असा की शंभर पटींच्या पल्ल्यात जग बसतं का. कोडॅकच्या प्रयोगशाळेतले लॉइड जोन्स आणि त्यांचे सहकारी कॉन्डिट यांनी उघड्यावरच्या दृश्यांची मोजमापं करून 1941 मध्ये निबंध लिहिला. त्यांच्या दृश्यांत सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांचं गुणोत्तर सरासरी 160:1 निघालं. काही दृश्यांत ते फार कमी, काहींत कितीतरी जास्त. ओसरीच्या सावलीत बसलेली आजी आणि मागे दुपारच्या उन्हातलं अंगण असं दृश्य घेतलं तर हजाराचा आकडा सहज ओलांडला जातो. सरासरी 160 पटींचं दृश्य निगेटिव्हवर साधारण दहा-बारा पटींत दाबलं जातं आणि मधल्या ग्रेडचा कागद ते पुन्हा शंभर पटींपर्यंत ताणतो. दाबताना आणि ताणताना सगळ्या छटांना सारखा वाटा मिळत नाही. मधल्या छटा, म्हणजे चेहरा, हात, कपडा, यांना ऐसपैस जागा मिळते. अगदी उजळ आणि अगदी गडद टोकांना दाटीवाटीनं बसावं लागतं. आन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये बसवलेली झोन सिस्टिम म्हणजे या वाटपाचा आधीच केलेला बेत: शटर दाबण्यापूर्वी ठरवायचं की ही सावली प्रिंटमध्ये कुठल्या पायरीवर येईल. या शाखेत शिरणाऱ्यानं अॅडम्सची तांत्रिक पुस्तकं जरूर वाचावीत. फिल्म इतिहासजमा झाली म्हणून ती जुनी झालेली नाहीत.

कागदाची एक अडचण मात्र कुठल्याही वाटपानं सुटत नाही. कोऱ्या कागदाहून उजळ असं कागदावर काहीच नसतं. पांढरा सदरा आणि दिव्याची ज्योत दोन्ही शेजारी आली तर दोघांनाही तोच पांढरा वापरावा लागतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र, ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं प्रसिद्ध असलेलं, मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. त्या चित्रातल्या स्त्रीनं ज्योतीसमोर हात धरला आहे. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतात त्या उजेडानं आतून लालसर झालेल्या बोटांच्या कडा, हनुवटीखालून वर चढत गेलेला उजेड आणि पाठीमागचा अंधार. कागदाला जे जमणार नाही ते हळदणकरांनी त्याच्याकडून मागितलंच नाही. बाकी सगळं चित्र खाली उतरवून त्यांनी मोजक्या उजळ जागांना बळ दिलं. पल्ला तोकडा असताना उजेड कसा दाखवावा याचा मराठी चित्रकलेतला इतका चांगला पाठ मला दुसरा माहीत नाही.

एचडीआर पडद्यावर ही अडचण उरत नाही. तिथे पांढरा सदरा 200 निटच्या आसपास ठेवून ज्योतीला हजार निट देता येतात. निट म्हणजे पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप, कँडेला प्रति चौरस मीटर. एचडीआरसाठी 2014 मध्ये प्रमाणित झालेली सांकेतिक पद्धत 10,000 निटपर्यंतची तरतूद करते. छापील चित्राशी तुलना करताना मॉनिटरला खरोखर वरचढ म्हणावं असं हे एकच ठिकाण आहे, असं माझं मत आहे. निव्वळ काळ्याच्या खोलीवरून ठरवलेलं वरचढपण खोलीतला दिवा लावताच विरतं.

ते कसं विरतं, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा मॉनिटरचा पांढरा 120 निट आहे आणि काळा त्याचा हजारावा भाग, 0.12 निट. खोलीत 300 लक्स उजेड आहे (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि मॉनिटरचा पृष्ठभाग त्यातला फक्त एक टक्का विखरून परत करतो. तीनशेला शंभरानं आणि मग पायनं भागलं की 0.95 निट येतात. हा उजेड पांढऱ्यात मिसळतो तसाच काळ्यातही. पांढरा 121 होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. काळा 0.12 वरून 1.07 वर जातो, जवळजवळ नऊपट. हजाराचं गुणोत्तर 113 वर आलं, म्हणजे ग्लॉसी प्रिंटच्या 112 शेजारी येऊन बसलं. ओएलईडीचा काळा शून्य धरला तरी त्याच खोलीत, तेवढाच उजेड परत येत असेल तर, 127 च्या वर जाता येत नाही. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो; तो अंधाऱ्या खोलीत मोजलेला असतो, आणि आपण अंधारात राहत नाही.

या सगळ्याचं सार एका वाक्यात बसतं आणि पुढचं सारं पुस्तक त्या वाक्याचा विस्तार आहे: प्रिंटचं गुणोत्तर तिचं स्वतःचं असतं पण उजेड खोलीचा, तर मॉनिटरचा उजेड स्वतःचा असतो पण गुणोत्तर खोली ठरवते. ग्लॉसी प्रिंट खिडकीशी न्या किंवा संध्याकाळच्या बल्बखाली धरा, चकाकी टाळली तर तिचे 112 पट तसेच राहतात. बदलते ती फक्त पातळी. मॉनिटरची पातळी तशीच राहते आणि पट बदलतात.

प्रिंटची पातळी किती बदलते? नव्वद टक्के उजेड परत देणारा कोरा कागद 500 लक्समध्ये 143 निट होतो, ट्यूबलाइटच्या 200 लक्समध्ये 57. संग्रहालयात नाजूक छायाचित्रांवर 50 लक्सच उजेड ठेवण्याची प्रथा आहे. तिथे तोच कागद 14 निटवर येतो. आणि तरीही संग्रहालयात उभा असलेला माणूस म्हणत नाही की कागद राखाडी आहे. नजरेच्या टप्प्यातल्या सर्वांत उजळ गोष्टीला डोळा पांढरं मानतो आणि बाकीच्या छटा तिच्या तुलनेत वाचतो. काउंटरवरच्या तक्रारीचा उलगडा इथे होतो. पुष्कळ मॉनिटर कारखान्यातून 250 ते 300 निटवर लावून येतात. अशा मॉनिटरसमोर 200 लक्सच्या खोलीत प्रिंट धरली की डोळा मॉनिटरचा पांढरा हाच पांढरा मानून बसतो आणि 57 निटचा कागद दोन ते अडीच स्टॉप खाली राहतो. मॉनिटर बंद केला तर तीच प्रिंट हळूहळू उजळते. शिवाय फाइल दुरुस्त करताना त्या झगझगीत पडद्याकडे पाहून हात आपोआप चित्र गडद करत जातो, हे वेगळंच.

डोळ्याचं आणखी एक वागणं लक्षात घ्यावं लागतं. चित्राभोवती अंधार असेल तर चित्रातला कॉन्ट्रास्ट कमी भासतो, उजेड असेल तर जास्त. बार्टलसन आणि ब्रेनमन यांनी 1967 मध्ये हे पद्धतशीर मांडलं. सिनेमावाल्यांना ते अनुभवानं आधीच माहीत होतं. काळोख्या थिएटरसाठीच्या फिल्मचा एकूण कॉन्ट्रास्ट म्हणूनच मूळ दृश्याच्या दीडपट तिखट ठेवला जाई, तर हातात धरून पाहायच्या प्रिंटला एवढा तिखटपणा सोसत नाही. शिवाय डोळ्याच्या आतही उजेड विखुरतो. भडक पांढऱ्याला लागून असलेला काळा 200 पट गडद आहे की 2000 पट, हे त्या जागी डोळ्याला नीट सांगता येत नाही.

पल्ला आणि पायऱ्या यांची गल्लत करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो. जिना किती उंच आहे आणि त्याला पायऱ्या किती आहेत या दोन स्वतंत्र बाबी आहेत. आठ बिटांच्या फाइलमध्ये 256 पायऱ्या असतात, मग ती 35 पटींच्या मॅट कागदावर उतरो की 3000 पटींच्या पडद्यावर. उंच जिन्याला तेवढ्याच पायऱ्या दिल्या की त्या मोठ्या होतात, आणि संध्याकाळच्या आकाशासारख्या सलग छटेत पट्टे दिसू लागतात.

मानकं याच अनुभवांतून घडली. संगणकाच्या पडद्यासाठी 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली एसआरजीबी पद्धत 80 निटचा पांढरा आणि 64 लक्सची मंद खोली गृहीत धरते. प्रिंट तपासण्यासाठीचं आयएसओ 3664 हे मानक बारकाईच्या तुलनेसाठी 2000 लक्स आणि रोजच्या पाहण्यासाठी 500 लक्स सांगतं. दोन्ही मानकं आपापल्या जागी शहाणी आहेत. पण एकाची खोली दुसऱ्याच्या खोलीसारखी नाही, हे विसरून दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले की घोटाळा होतो.

छापखान्यात ही गोष्ट पैशांशी जोडलेली असते. दिवाळी अंकाचं कव्हर आर्ट पेपरवर आणि आतली पानं मॅपलिथोवर छापली जातात. तोच फोटो कव्हरवर भरदार दिसतो आणि आत मलूल, कारण मॅपलिथो शाई पितो आणि त्याचा काळा मॅट कागदापेक्षाही उथळ राहतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तर सगळा पल्ला दहा पटींच्या आतबाहेर असतो. मॉनिटरवर पास केलेला फोटो तिथे तसाच उतरावा अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. कागद कोणता ते आधी विचारून त्या कागदासाठी फाइल वेगळी तयार करणारा ऑपरेटर छापखान्याला मिळाला, तर त्याला जपावं.

शेवटी एका वादाचा उल्लेख करतो, कारण या शाखेत नव्यानं येणाऱ्यांना तो सोडवावा लागणार आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतरच्या पिढ्यांनी केलेल्या अल्ब्युमेन प्रिंट आता स्कॅन होऊन मोबाइलवर पाहिल्या जातात. अल्ब्युमेनचा पांढरा काळानुसार पिवळसर होतो आणि गडद छटा फिक्या पडतात. स्कॅन करणारा तो पिवळेपणा काढून, काळा पडद्याच्या तळापर्यंत खेचून चित्र चकचकीत करतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की प्रिंट अशीच आहे. माझ्या मते हे संग्रहाशी केलेलं बेइमानीचं काम आहे. कागदाचा आजचा पांढरा आणि आजचा काळा मोजून, शेजारी घनतेची पट्टी ठेवून केलेला स्कॅन हाच मूळ दस्तऐवज. सुधारलेली आवृत्ती हवी तर वेगळी करावी आणि ती सुधारलेली आहे असं तिच्यावर लिहावं.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी वाचकानं एक प्रयोग करावा. ज्या उजेडात आपल्या प्रिंट पाहिल्या जाणार आहेत त्याच उजेडात मॉनिटरशेजारी कोरा फोटो पेपर उभा करावा, मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडावं, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणावा. बहुतेकांना तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ खाली आणावा लागेल. पाच-दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्यावी आणि मग आपला एखादा छापून घेतलेला फोटो पडद्यावर उघडून त्याच्या प्रिंटशी ताडून पाहावा. त्यानंतरही जो फरक उरेल तो वहीत लिहून ठेवावा; पुढची प्रकरणं त्याच फरकाबद्दल आहेत.